घड्याळ बरोबर होतं

माझ्या पुण्याच्या मावशीची शेवटपर्यंत समजूत होती की मी कलकत्त्यात कॉम्प्युटर दुरुस्त करते. एका मुंजीत तिने भर पंगतीत नातवाचा बंद पडलेला लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. "बघ गं जरा, चालू होतोय का." मला तो चालू करता आला नाही, आणि तेव्हापासून माझ्या नोकरीबद्दल नातेवाइकांच्या मनात एक शंका कायमची बसली.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका दोन वर्षं मागे लागल्या आहेत की तुझ्या कामाबद्दल लिही. मी टाळत आले. विषय रुक्ष आहे, कोण वाचणार, माझं मराठी घरातलं आहे, ते छापायच्या लायकीचं नाही, अशी कारणं दिली. माझा जन्म इथलाच, वाढले बालीगंजला, मराठी शिकले ती आईकडून आणि तिच्या पुस्तकांतून, त्यामुळे शेवटचं कारण अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. कामाबद्दल लिहायचं म्हटलं तर एका बैठकीबद्दल लिहावं लागेल, हे मला माहीत होतं. आता निवृत्त होऊन वर्ष झालं. लिहून टाकते.

आधी काम काय होतं ते सांगते. कुठल्याही कचेरीत काम हातोहात फिरतं. साधा रजेचा अर्ज घ्या. तुम्ही लिहिता, साहेब सही करतात, आस्थापना विभाग नोंद करतो, पगारवाले बघतात. हे फिरणं कागदावर काढता येतं. चौकोन म्हणजे एक पायरी, बाण म्हणजे पुढे कुठे जायचं. आम्ही जे इंजिन बनवलं ते असा नकाशा वाचून ते काम प्रत्यक्ष चालवायचं. प्रत्येक अर्जाची एक सोंगटी आहे असं समजा. इंजिन ती सोंगटी एका चौकोनातून दुसऱ्यात सरकवतं, ज्याची पाळी आहे त्याला कळवतं, तो विसरला तर आठवण करतं, आणि हजारो सोंगट्यांपैकी कुठली कुठे आहे हे कधी विसरत नाही. याला वर्कफ्लो इंजिन म्हणतात. माझ्या नोकरीची शेवटची दहा-बारा वर्षं या एका इंजिनात गेली. त्याचा आराखडा माझा होता.

आमचं इंजिन एका यंत्रावर नव्हतं, वेगवेगळ्या शहरांतल्या अनेक यंत्रांवर मिळून चालायचं. एक बंद पडलं तर दुसऱ्याने त्याच्या सोंगट्या उचलायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण समजा एका यंत्राने काम केलं आणि "झालं" असं कळवायच्या आत लाइन गेली. बाकीच्यांना वाटणार, झालंच नाही. मग दुसरं यंत्र तेच काम पुन्हा करणार. सुरुवातीच्या दिवसांत एका औषध कंपनीकडे आमच्या इंजिनाने असंच केलं. एकच खोकं न्यायचं होतं, त्यासाठी कुरिअरची सतरा माणसं एकाच सकाळी दारात येऊन उभी राहिली. तिथल्या मॅनेजरांचा मला फोन आला. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मॅडम, चहा किती जणांचा सांगू?" त्यानंतर वर्षभर मी "एकदा म्हणजे एकदाच" या एका गोष्टीवर काम केलं, आणि ते जमलं.

दुसरी डोकेदुखी घड्याळांची. दोन यंत्रांची घड्याळं कधी तंतोतंत जुळत नाहीत. एक थोडं पुढे, एक थोडं मागे. त्यामुळे आधी काय घडलं आणि नंतर काय, हे नुसत्या लिहिलेल्या वेळांवरून सांगता येत नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, घड्याळाचा दोष म्हटलं की तो मान डोलावेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचाच प्रश्न आहे. आमच्या इंजिनात मी घड्याळांचाही बंदोबस्त केला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. अभिमान म्हणजे किती, तर कुणी आमच्या वेळेवर शंका घेतली की माझा चेहरा लाल व्हायचा. बरोबरीचे लोक मुद्दाम चिडवायचे.

कोरोनाच्या लाटा ओसरल्यावर आमच्याकडे लालदिघीजवळची एक जुनी चहाची पेढी आली. नाव सांगत नाही. बागांमधला चहा लिलावात विकला जातो, आणि लिलावाआधी प्रत्येक मालाचा अंदाजे भाव काढून देणं हे या पेढीचं काम. माल सिलिगुडीच्या आणि खिदिरपूरच्या गुदामांत उतरायचा, प्रत्येक मालाचा छोटा नमुना कलकत्त्याच्या कचेरीत यायचा, तिथे त्याची चव घेऊन भाव ठरायचा, मग तो छापील यादीत जायचा. सगळं आठवड्याच्या आठवड्याला. सिलिगुडीची लाइन वारंवार जायची, नमुने हरवायचे, एकाच मालाला दोन भाव लागायचे. आमच्यासारख्यांसाठी अगदी बेतलेलं काम.

पेढी चालवत होते मालकांचे पुतणे, अनिंद्यबाबू. चाळिशीचे, हुशार, वागायला सभ्य. आणि पेढीची अब्रू ज्यांच्या जिभेवर उभी होती ते टी-टेस्टर म्हणजे रुद्रबाबू. सत्तरीला टेकलेले, उंच, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वर काळा ऍप्रन. निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं, पण त्यांनी काढलेला भाव म्हटल्यावर खरेदीदार पुढे काही विचारत नसत, म्हणून पेढीने त्यांना ठेवून घेतलं होतं. राहायचे बागबाजारला. मी मराठी आहे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, "म्हणजे तुमच्या लोकांना अडवायला आमच्या पाड्यात खंदक खणला, आणि तू मागच्या दाराने आत आलीस." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बर्गी', म्हणजे पूर्वी बंगालवर चालून आलेल्या मराठा स्वारांपैकी एक. आमचं सगळं बोलणं बंगालीतच चालायचं. इथे मराठीत देते आहे.

चव घेण्याची खोली उत्तरेच्या उजेडाची. लांबलचक टेबलावर झाकणाच्या पांढऱ्या कपांची रांग. प्रत्येक कपात तोलून घेतलेली पत्ती, तिच्यावर उकळतं पाणी, मोजून काही मिनिटं, मग उतरलेला चहा वाडग्यात ओतायचा. रुद्रबाबू चमचा घेऊन रांगेने चालायचे, सुर्रकन मोठा आवाज करून घोट ओढायचे, क्षणभर थांबून थुंकायचे आणि पुढे. त्यांच्या बरोबरीने चाकांची पिकदाणी ढकलत निमाईदा चालायचे. निमाई दास. अठ्ठावीस वर्षं याच खोलीत. पाणी उकळणं, पत्ती तोलणं, कप मांडणं, धुणं, सांगितलेलं लिहून घेणं, सगळं त्यांचं.

नकाशा काढायचा म्हणजे प्रत्येकाशेजारी बसून तो काय करतो ते बघायचं. मी तिथे आठवडाभर बसले. मी बसायचे ती नेहमी दुपारची वेळ असायची. रुद्रबाबूंनीच ती ठरवून दिली होती.

शेवटच्या दिवशी माझा कागद हातात घेऊन त्यांनी बराच वेळ बघितला.

"एक सांगू, बर्गी? या खोलीला एकच चौकोन काढ. नमुने आत गेले, भाव बाहेर आला. बस."

"मग आत कोणी काय केलं ते कसं कळणार?"

"कशाला कळायला हवंय?"

"उशीर कुठे होतो, चूक कुठे होते, ते शोधायला. रुद्रबाबू, प्रत्येक पायरीला एकच धनी हवा. नाही तर इंजिनाला अर्थ नाही."

"आणि आम्ही एकच खोली आहोत असं मी म्हटलं तर?"

मी हसले. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाला यंत्राचं वावडं आहे, सगळ्यांनाच असतं. मी त्यांना समजावून सांगितलं, बहुतेक जरा जास्तच गोड आवाजात. कप मांडणं, ही निमाईदांची पायरी. चव घेऊन भाव देणं, ही रुद्रबाबूंची. मग अनिंद्यबाबूंची मंजुरी. प्रत्येकाला एक कार्ड. काम झालं की भिंतीवरच्या टॅबलेटला कार्ड लावायचं, इंजिन नाव आणि वेळ लिहून ठेवणार, आणि एकदा लिहिलेलं कुणालाही पुसता येणार नाही. मलासुद्धा नाही.

"तुझी मर्जी," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

इंजिन सुरू झालं आणि छान चाललं. पहिल्याच पावसाळ्यात उत्तरेकडे वादळ झालं आणि सिलिगुडीची लाइन दीड दिवस बंद पडली. तिकडचं यंत्र एकट्याने नोंदी करत राहिलं, इकडचं इकडे, आणि लाइन आल्यावर दोघांनी आपापलं जुळवून घेतलं. एकही नमुना हरवला नाही, कुठल्याही मालाला दोनदा भाव लागला नाही. अनिंद्यबाबूंनी आमच्या कचेरीत संदेश मिठाईची खोकी पाठवली. मी त्यातलं एक घरी नेलं. आईने विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "काहीच झालं नाही त्याबद्दल." तिला ते उत्तर फार आवडलं.

वर्ष उलटलं. नोंदींची पाहणी करताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. रुद्रबाबूंच्या नावावर "चव घेतली" अशी नोंद सकाळी सव्वादहाची, साडेदहाची. आणि कचेरीच्या दारातल्या हजेरीच्या यंत्रावर त्यांची वेळ अकरा पाच, अकरा दहा. एखादा दिवस नाही, बहुतेक रोज. माणूस इमारतीत यायच्या आधी चव कशी घेणार?

घड्याळ, मला वाटलं. दारातलं यंत्र दुसऱ्या कंपनीचं, जुनं. त्याचं घड्याळ मागे असणार. मी ते तपासलं. आमच्यात आणि त्यात काही सेकंदांचा फरक. मग आमचीच यंत्रं एकेक करून तपासली. दोन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. दोष सापडेना. शेवटी एका सकाळी दहा वाजता, कुणाला न सांगता, मी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ घेऊन त्या खोलीत गेले.

दार उघडं होतं. कपांची रांग लागलेली. निमाईदा एकटेच होते. चमच्याने घोट ओढत, थांबत, थुंकत, एका हाताने पिकदाणी ढकलत ते रांगेने चालले होते. अगदी रुद्रबाबूंसारखे. नाही, तसं म्हणणं बरोबर नाही; रुद्रबाबू दुपारी माझ्यासमोर चालायचे ते यांच्यासारखे. प्रत्येक कपापाशी त्यांनी आकडा लिहिला, रांग संपली तेव्हा खिशातून एक कार्ड काढून टॅबलेटला लावलं. मग वळले आणि मला पाहिलं.

त्यांनी चमचा टेबलावर ठेवला.

"दिदी," ते म्हणाले, "घड्याळ ठीक आहे."

मग त्यांनी सांगितलं. कोरोनात रुद्रबाबूंचा वास गेला. पहिले सहा महिने ते म्हणत होते, येईल परत. आला नाही. चहाची चव म्हणजे अर्ध्याहून जास्त वासच. टेबलाशी उभं राहून त्यांना गरम पाणी आणि कडवटपणा यापलीकडे काही कळेना. तेव्हा त्यांनी निमाईदांच्या हातात चमचा दिला. अठ्ठावीस वर्षं शेजारी चालून, ते पुढे सरकले की वाडग्यांत उरलेल्या चहाचा चोरून घोट घेऊन, निमाईदांना सगळं येत होतं, हे रुद्रबाबूंना आधीपासून माहीत होतं. दुपारी माझ्यासमोर चाललेला तो फेरा सकाळी ठरलेल्या आकड्यांचा होता.

"आणि मालकांना?"

"बाबू स्वतः सांगणार आहेत. दर शनिवारी मला घरी बोलावतात. इंग्रजी शब्द घोटून घेतात, खरेदीदारांपुढे कसं उभं राहायचं, काय म्हणायचं. म्हणतात, आधी तुला चार लोकांसमोर बोलता आलं पाहिजे, मग मी तुझा हात धरून नेईन आणि सांगेन की आता हा. दुर्गापूजा झाली की नेणार आहेत." त्यांनी हात ऍप्रनला पुसले. "पूजेपर्यंत थांबा, दिदी. भाव एकदा तरी चुकलाय का, तुमच्या यंत्राला विचारा."

मी आधीच विचारलं होतं. चुकला नव्हता.

"बघते," मी म्हटलं आणि निघाले. मी त्यांना शब्द दिला नाही. दिला असता तर पुढे मोडला असता का, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

पूजेला दोन महिने असताना ती बैठक झाली. पेढीला गुवाहाटीची कचेरी आणि तिथली गुदामंही इंजिनावर आणायची होती. मोठं काम होतं. टेबलाच्या एका टोकाला अनिंद्यबाबू, त्यांच्याशेजारी त्यांच्या कॉम्प्युटर विभागाचे दोघं, वडीलधारे म्हणून रुद्रबाबू, आणि समोर मी. सगळं ठरत आलं होतं. तेवढ्यात विभागातल्या एकाने एक कागद पुढे सरकवला. हजेरीच्या वेळा आणि इंजिनाच्या वेळा, शेजारी शेजारी. मला सापडलं ते त्यांनाही सापडलं होतं.

अनिंद्यबाबू वाचून हसायला लागले. "मॅडम, आमचे रुद्रबाबू मोठे कलाकार आहेत हे मान्य. पण दारातून आत यायच्या आधी चव घेतात?"

सगळे हसले. रुद्रबाबूही हसले, जरा उशिरा.

"तुमचं घड्याळ बिघडलेलं दिसतंय," अनिंद्यबाबू म्हणाले. "आता सांगा, ज्या यंत्राला वेळ कळत नाही त्याच्यावर मी गुवाहाटी कशी सोपवू?"

त्यांनी उत्तर माझ्या ओंजळीत ठेवलं होतं. "हो, घड्याळात गडबड आहे, आठवडाभरात दुरुस्त करते," एवढंच म्हणायचं होतं. कुणीही शंका घेतली नसती. हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं, सगळ्यांना पटणारं कारण. फार तर गुवाहाटीचं काम पूजेनंतर मिळालं असतं. रुद्रबाबूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते टेबलावर पसरलेल्या आपल्या हातांकडे बघत होते.

मी म्हटलं, "घड्याळ बरोबर आहे."

आणि तेवढ्यावर थांबले नाही. पिशवीतून माझे तपासणीचे कागद काढले. प्रत्येक यंत्राचं घड्याळ, दारातलं घड्याळ, किती सेकंदांचा फरक, कुठल्या दिवशी. दहा मिनिटं मी बोलले. मला त्या दहा मिनिटांतला माझा आवाज आठवतो. आनंदी होता. कुणाचं नाव मी घेतलं नाही, आणि त्या वेळी मला ते पुरेसं वाटलं.

माझं संपल्यावर खोलीत कुणी हसत नव्हतं. अनिंद्यबाबूंनी हळूच विचारलं, "मग चव कोण घेतं?"

"बरोबर सांगते ती," रुद्रबाबू म्हणाले. "घड्याळ ठीक आहे. मी अकराला येतो. चव निमाई घेतो. मला तीन वर्षं वास येत नाही."

संध्याकाळी घरी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू खोटं नाही ना बोललीस?"

"नाही."

"मग तोंड असं का?"

मी तिच्यापुढे भाजीची पाटी ठेवली. ती शाळेत शिकवायची, खरं-खोटं तिच्यासाठी सरळ होतं. पण थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता ती आपणहूनच म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं का, की चव कोण घेतं?" मी म्हटलं, "नाही. घड्याळ बिघडलंय का, असं विचारलं होतं." तिने पुढची जुडी निवडायला घेतली.

पुढचं लवकर झालं. रुद्रबाबूंना शाल आणि फुलं देऊन निरोप दिला. अनिंद्यबाबू चांगलं बोलले, त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. निमाईदांचं मात्र वेगळं. ते दुसऱ्याच्या कार्डाने, दुसऱ्याच्या नावावर नोंदी करत होते, वर्षभर, रोज. कुणाला पुसता न येणाऱ्या शेकडो नोंदी. त्यांची खिदिरपूरच्या गुदामात बदली झाली, पोती मोजायला.

मी अनिंद्यबाबूंकडे गेले. म्हटलं, भाव एकही चुकलेला नाही, माझ्याकडे पुरावा आहे, त्यांना टेस्टर करा. ते म्हणाले, "रुद्रबाबूंनी त्याला हात धरून आणलं असतं तर मी केलंही असतं. आता काय म्हणू खरेदीदारांना? तुमची यादी अडीच वर्षं कप धुणारा ठरवत होता, आणि आम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, नोंदींवर खुलासा जोडता येईल, आमच्या इंजिनात चुकलेलं पाऊल मागे घ्यायची सोय आहे. "मॅडम," ते म्हणाले, "खुलासा कुठल्या चुकीचा जोडू? तुम्हीच तर सिद्ध केलंत की सगळं बरोबर आहे." आवाज रागाचा नव्हता. खरंच विचारत होते.

गुवाहाटीचं काम आम्हाला मिळालं. उत्तम चाललं. अजून चालतं आहे.

पूजा झाल्यावर मी मिठाई घेऊन बागबाजारला गेले. रुद्रबाबूंनी स्वतः दार उघडलं. त्यांची बायको पूर्वीच गेली होती, मुलगा बंगळुरूला. त्यांनी चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "कसा झालाय ते सांग. मला कळत नाही." चांगला झाला होता. मग ते म्हणाले, "माझंच चुकलं. सहा महिने आधी सांगायला हवं होतं. रोज वाटायचं, उद्या वास येईल. निमाईचं वाटोळं मी केलं."

मी म्हटलं, "माझ्या इंजिनाने—"

"छे. यंत्राचा काय दोष? त्याला विचारलं, त्याने सांगितलं. तू तरी काय करणार होतीस?"

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या दिवशी बैठकीत ते हातांकडे बघत होते, मी काय म्हणू शकले असते हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. घड्याळांची आमची भानगड त्यांना ठाऊक नव्हती. त्यांच्या मते यंत्राने पकडलं आणि मी बिचारी मधे सापडले. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "चहा छान झालाय."

पुढे सव्वा वर्ष मी जवळजवळ दर रविवारी जात राहिले. ते जुन्या साहेबांच्या गोष्टी सांगायचे, मी आमच्या सतरा कुरिअरवाल्यांच्या. त्यांना त्या गोष्टीचं भारी हसू यायचं. निघताना दर वेळी ठरवायचे की पुढच्या रविवारी सांगायचं. मागच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, मुलाने फोन करून कळवलं.

श्राद्धाला निमाईदा आले होते. लांबून नमस्कार केला आणि जेवायला न थांबता गेले. महिन्याभराने मी खिदिरपूरला गेले. निमाईदा गुदामाच्या दारात उभे होते, हातात खडू, खांद्यावर गमछा. मला बघून त्यांनी आतून एक स्टूल आणलं, गमछ्याने झटकलं, समोरच्या टपरीवरून चहा मागवला. आपला कप त्यांनी दोन घोटांत संपवला, कुणीही संपवतो तसा.

मी सगळं सांगितलं. बैठकीत अनिंद्यबाबू नेमकं काय म्हणाले ते. एक वाक्य म्हटलं असतं तर पूजेपर्यंत वेळ मिळाला असता हे. घड्याळं खरोखर चुकतात, सगळ्यांना माहीत असतं, कुणी शंका घेतली नसती. आणि मी ते वाक्य का म्हटलं नाही, तेही सांगितलं. माझ्या कामाला कुणी वाईट म्हटलेलं मला सहन झालं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

निमाईदा खाली बघत ऐकत होते. बोटांतल्या खडूचा चुरा होत होता.

"बाबूंना हे सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही."

त्यांनी बोटांवरचा चुरा झटकला. "बरं केलंत," म्हणाले. "नंतरही शनिवारी मी जायचो ना, तर सगळा वेळ तुमच्याच गोष्टी. उद्या रविवार, उद्या बर्गी येईल. त्यांना तेवढंच होतं."

मग आत एक ट्रक लागला आणि कुणीतरी त्यांना हाक मारली. ते उठले. मीही उठले. म्हटलं, माझ्या ओळखीची दुसरी एक पेढी आहे, मी बोलू का? त्यांनी मान हलवली. "आता तोंडाला सवय नाही राहिली, दिदी." खोटं होतं ते, आणि आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी म्हटलं, "मग मी येत जाईन अधूनमधून."

"आता ऊन वाढेल," ते म्हणाले. फार सौम्यपणे म्हणाले. "एवढ्या लांब येत जाऊ नका."

ट्रकवाल्याला थांबवून ते रस्त्यापर्यंत आले, टॅक्सीला हात केला, आणि ती वळून येईपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले. टॅक्सीचं दार त्यांनीच उघडलं. मी बसल्यावर त्यांनीच ते लावलं, नीट लागलंय ना हे एकदा दाबून बघितलं, आणि मागे न बघता आत गेले.